गुडघा बदलला; पण शुश्रूषेचे काय?

गुडघ्याचे ऑपरेशन ठरले की मंडळी सल्ल्यासाठी दवाखान्यात येतात. प्रश्न ठरलेले असतात. सांधा कुठल्या कंपनीचा घ्यावा? भारतीय की परदेशी? किती वर्षे टिकेल? मशीनच्या मदतीने केलेले चांगले की हाताने? दोन्ही गुडघे एकदम करावेत का? हे प्रश्न गैर आहेत असे मी म्हणत नाही. घरातले पैसे जाणार, आईच्या किंवा वडिलांच्या पायाचा प्रश्न, तेव्हा माणूस चौकशी करणारच. पण इतक्या वर्षांत एकाही घराने आपण होऊन मला असे विचारलेले नाही की, ''डॉक्टर, आईला घरी आणल्यावर रात्री अडीच वाजता लघवीला कोणी उठवायचे, आणि कसे?''

माझा अनुभव असा आहे की ज्या घराने हा प्रश्न आधी सोडवलेला असतो, तिथला रुग्ण दीड-दोन महिन्यांत काठी घेऊन देवळापर्यंत जाऊ लागतो. ज्या घराने सोडवलेला नसतो, तिथे चांगल्या सर्जनने बसवलेला चांगला सांधा असूनही पाय धड सरळ होत नाही, धड वाकत नाही, आणि ''एवढा खर्च करून काय मिळाले?'' अशी कुरकुर वर्षभर ऐकू येते. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांतही गुडघा बदललेल्या साधारण पाच जणांपैकी एक जण पूर्ण समाधानी नसतो असे दिसले आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि सगळी शुश्रूषेशी जोडलेली नाहीत. पण आपल्या हातात असलेले कारण तेवढेच आहे, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

ही शस्त्रक्रिया आता आपल्याला नवी राहिलेली नाही. २००० साली त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ती झाली, आणि २००१ साली उजव्या गुडघ्यावर. न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी आले होते. गुडघा बदलता येतो ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना त्या बातम्यांमुळेच कळली. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा आधी दीड लाखाच्या आसपास पडे, त्याची कमाल किंमत तेव्हा कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. मध्यमवर्गीय माणसाला मोठा दिलासा मिळाला आणि आमच्या तालुक्यातूनही पुण्या-मुंबईला जाऊन गुडघे बदलून येणाऱ्यांची संख्या वाढली.

याच काळात आणखी एक बदल झाला, त्याची बातमी मात्र कुठे आली नाही. पूर्वी असा रुग्ण टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस, रुग्णालयातच असे. आता भुलेच्या आणि वेदना आटोक्यात ठेवण्याच्या पद्धती सुधारल्या. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात आणि तीन-चार दिवसांत घरी पाठवतात. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच आहे. माणूस लवकर चालता झाला तर रक्ताच्या गुठळ्या कमी होतात, छातीत कफ साचत नाही, रुग्णालयातल्या जंतूंपासूनही तो लवकर सुटतो. पण त्या उरलेल्या सात-आठ दिवसांत वॉर्डातल्या सिस्टर जे काम करीत असत, ते काम काही नाहीसे झालेले नाही. ते तुमच्या घरी आलेले आहे. ते कसे करायचे हे मात्र कोणी शिकवलेले नसते. निघताना हातात फाइल पडते, तीत इंग्रजीत छापलेला एक कागद असतो, खाली गाडी उभी असते आणि सगळ्यांनाच घाई असते.

मग घरातली माणसे त्यांना माहीत असलेली एकच गोष्ट करतात. सेवा करतात. आणि इथेच घोटाळा होतो. आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला जागचे हलू द्यायचे नाही. पाण्याचा पेला हातात, ताट हातात, पाय चेपायला दोघे जण. तापाच्या रुग्णाला ते चालेल. गुडघा बदललेल्याला चालत नाही. नवा सांधा बसवला की आत जखम भरू लागते, आणि जखम भरताना तिथे व्रणाचे ऊतक तयार होते. हे ऊतक पहिल्या काही आठवड्यांत जसे वळवाल तसे वळते. गुडघा रोज सरळ केला आणि रोज वाकवला, तर ते सैल राहते. नाही केला, तर ते आवळते. शिवाय मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात साधारण निम्म्याने कमी होते. ती पडून राहून परत येत नाही.

एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण आहे. तिन्ही मुली माहेरी आल्या आणि आईची इतकी सेवा केली की शेजारीपाजारी कौतुक करीत. सहा आठवड्यांनी गुडघा जेमतेम साठ अंश वाकत होता. सपाट जमिनीवर चालायलाच सुमारे ६५ ते ७० अंश लागतात. जिना चढायला-उतरायला ९० च्या आसपास, आणि खुर्चीतून सहज उठायला त्याहूनही थोडे जास्त. शेवटी बाईंना पुन्हा पुण्याला नेऊन, भूल देऊन सर्जनला गुडघा वाकवून द्यावा लागला. मुलींचे प्रेम कुठेच कमी पडले नव्हते. ते कसे वापरायचे एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. चांगली परिचारिका पहिल्या दिवशी रुग्णाचे सगळे करते, आठव्या दिवशी निम्मे करते, आणि तिसऱ्या आठवड्यात नुसती शेजारी उभी राहते. घरच्यांनीही हाच क्रम ठेवायला हवा.

सर्वात जास्त नुकसान करणारी वस्तू म्हणजे उशी. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याखाली उशी घेतली की रुग्णाला बरे वाटते, कारण किंचित वाकलेल्या स्थितीत सांध्यावरचा ताण कमी असतो. म्हणून तो मागतो, आणि घरचे देतात. असे दोन-तीन आठवडे गेले की गुडघा पूर्ण सरळ होणे कठीण होऊन बसते, आणि सरळ न होणारा गुडघा हा कमी वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षाही वाईट. कारण मग माणूस कायम लंगडतो आणि कंबर दुखू लागते. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्यावी, म्हणजे गुडघा आपोआप खाली दबून सरळ होतो. सूज उतरण्यासाठी पाय उंच ठेवायचा तोही असाच, गुडघा सरळ ठेवून, टाच वर. रुग्ण तक्रार करील. दहा मिनिटे तक्रार ऐकून घ्यावी, मग थोडा वेळ उशी काढावी, तासाभराने पुन्हा ठेवावी.

दुखण्याच्या गोळ्यांविषयी आपल्या लोकांच्या मनात एक अढी आहे. ''गोळ्या कमीत कमी खाव्यात, सहन करावे'' असे वडीलधारी माणसे अभिमानाने सांगतात. एरवी मलाही हे पटते, पण या ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाही. दुखते म्हणून माणूस गुडघा वाकवीत नाही, वाकवीत नाही म्हणून तो आखडतो, आणि आखडला की जास्त दुखतो. सर्जनने लिहून दिलेल्या गोळ्या ठरलेल्या वेळी द्याव्यात, दुखणे असह्य होण्याची वाट पाहू नये. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ येईल असे बसवले तर उत्तमच. मात्र लिहून दिलेल्या गोळ्यांच्या जोडीला मेडिकलमधून आणखी एखादी 'जोरदार' गोळी आणून देऊ नये. मधुमेह, रक्तदाब आणि वय असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला अशी एखादी गोळी फार महागात पडते. आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते ती वेगळीच. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

गोळीइतकेच काम बर्फ करतो. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे, त्यावर पातळ टॉवेल, आणि पंधरा-वीस मिनिटे गुडघ्यावर. व्यायामानंतर जरूर करावे. आपल्याकडे मात्र हात शेकाकडे वळतो. बाळंतिणीला शेक, लचकले की शेक, मग गुडघ्यालाही शेक. कृपा करून असे करू नये. शस्त्रक्रियेनंतर व्रणाच्या बाहेरच्या बाजूची थोडी त्वचा बधिर झालेली असते. गरम पाण्याची पिशवी चटका देते आहे हे रुग्णाला कळतच नाही आणि नव्या जखमेशेजारी भाजल्याचा फोड उठतो. तेल लावून चोळण्याचेही तसेच. टाके निघेपर्यंत जखमेच्या आसपास तेल, हळद, कुणी आणून दिलेला लेप, काहीही लागता कामा नये. गावातले नावाजलेले चोळणारे गृहस्थ एरवी कितीही गुणाचे असोत, त्यांना या महिन्यात चहा द्यावा आणि पाठवावे. गुडघा जोर लावून दुसऱ्याने वाकवायचा नसतो. रुग्णाने तो स्वतः वाकवायचा, पलंगाच्या कडेला बसून, चांगल्या पायाने हलका दाब देत. साधारण दोन आठवड्यांत ९० अंश आणि दीड महिन्यात ११० च्या जवळपास पोचले तर काळजीचे कारण नाही. थोडेफार पुढेमागे चालते. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे करणे हे एकदाच तासभर घाम गाळण्यापेक्षा बरे.

आता पुन्हा त्या रात्रीच्या अडीचकडे येतो. दिवसा घर जागे असते. अपघात होतात ते रात्री. रुग्णाला लघवीची भावना होते, सुनेला उठवायला संकोच वाटतो, दिवा लावायचा बटणफलक दूर असतो, आणि तो ''एवढे तर जमेल'' म्हणून उठतो. मोरीच्या ओल्या फरशीवर, उंबऱ्याला अडखळून, किंवा सुटलेल्या पायपुसण्यावरून घसरून पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. नव्या सांध्याजवळचे हाड मोडले तर ते जोडणे पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड जाते. म्हणून पहिले तीन-चार आठवडे रात्री पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवावी. ती भाड्यानेही मिळते. पुरुषांसाठी लघवीचे भांडे ठेवावे. रात्रभर एक लहान दिवा चालू असावा. रुग्णाच्या हाताशी घंटा असावी, देवघरातली चालेल. वॉकर पलंगाच्या त्या बाजूला असावा जिथून तो उतरतो, खोलीच्या कोपऱ्यात नव्हे. घरातली सुटी पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकाव्यात. संडास भारतीय बैठकीचा असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून तिच्यावर बसून पाहावे. उकिडवे बसणे, पाटावर बसून जेवणे, खाली बसून पूजा करणे या गोष्टी आता टाळायच्या आहेत, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. घरी आल्यावर कळले की माणूस खचतो. देव चौरंगावरून टेबलावर नेले तर त्यांची काही हरकत नसावी.

खुर्चीबद्दल एक सांगतो, कारण ते सगळीकडे चुकते. हलकी प्लास्टिकची खुर्ची रुग्णाला देऊ नये. उठताना तो हातांवर भार टाकतो आणि खुर्ची मागे सरकते. जड, हात असलेली, पुरेशी उंच लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. खाट झोळीसारखी खोल असेल तर त्यावर झोपवू नये. वॉकरची उंची अशी हवी की रुग्ण ताठ उभा असताना मूठ त्याच्या मनगटाच्या रेषेशी यावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एवढे एक वाक्य घरातल्या लहान मुलाकडूनही पाठ करून घ्यावे. आजीला जिन्यावर आठवण तोच करून देईल.

काही गोष्टींना लोक विनाकारण घाबरतात. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय काळानिळा पडतो. आत साचलेले रक्त खाली उतरते, दोन-तीन आठवड्यांत जाते. गुडघा तीन-चार महिने, कधी त्याहूनही जास्त, शेजारच्या गुडघ्यापेक्षा गरम लागतो. आतून 'टक' असा आवाज येतो. पहिले तीन-चार दिवस अंगात कसर असते. या कशानेही रात्रीची झोप घालवू नये. आणि काही गोष्टींना घाबरायला हवे, तिथे लोक निवांत असतात. एका पायाची पोटरी अचानक फुगली, दाबल्यावर दुखू लागली, तर त्याच दिवशी दाखवावे. अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी. तेव्हा माझ्याकडेही येऊ नये, १०८ ला फोन करून सरळ मोठे रुग्णालय गाठावे. अशा गुठळ्या होऊ नयेत म्हणूनच रक्त पातळ करणारे औषध दिलेले असते. ''आता चालायला लागले'' म्हणून ते मध्येच बंद करणारी मंडळी मला दर वर्षी भेटतात.

जखमेतून पाणी किंवा पू येणे, लाली पसरत जाणे, कमी होत चाललेले दुखणे पुन्हा वाढणे, आठवड्यानंतर शंभराच्या वर ताप राहणे, ही जंतुसंसर्गाची चिन्हे असू शकतात. इथे माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. असा रुग्ण आला की त्याला प्रतिजैविकाचा कोर्स लिहून देण्याचा मोह आपल्याला होतो, कारण रुग्णाला लांब जायचे नसते आणि आपल्यालाही तो नाराज व्हायला नको असतो. पण सर्जनला न कळवता दिलेल्या त्या गोळ्यांनी वरची लाली विझते आणि आतला सांधा नासत राहतो. पहिल्या काही आठवड्यांत सर्जनला कळले तर जखम धुऊन सांधा वाचवता येण्याची शक्यता बरीच असते. सहा महिन्यांनी कळले तर सांधा काढावाच लागतो. एक फोन करायला आपल्याला कमीपणा वाटू नये. मधुमेही रुग्णाची साखरही याच कारणाने महत्त्वाची. भेटायला येणाऱ्यांचे पेढे आणि डिंकाचे लाडू घरातल्या पोरांना वाटून टाकावेत. जखम भरायला लागतात ती प्रथिने. ती डाळी, दूध, अंडी यांतून मिळतात. आणि शौचाला खडा होतो त्याचीही आठवण ठेवावी. दुखण्याच्या काही गोळ्यांनी आतड्यांची गती मंदावते. पाचव्या दिवशी पोट फुगून माणूस हैराण होतो आणि गुडघा राहतो बाजूला. पाणी, पपई, पालेभाजी पहिल्या दिवसापासून द्यावी, गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून साधे सारक.

वयस्क रुग्णांच्या बाबतीत आणखी एक. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही रात्री काही जण बरळतात, ओळखीच्या माणसाला ओळखत नाहीत, अंगावरची पट्टी ओढतात. घरचे घाबरतात, कुणी बाहेरची बाधा काढायला निघते. हा मेंदूवरचा तात्पुरता ताण असतो आणि बहुधा जातो. पण त्यामागे लघवी तुंबणे, जंतुसंसर्ग, रक्तातले मीठ कमी होणे असे काही असू शकते, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवणे भाग आहे. तोवर चष्मा लावून द्यावा, कानाचे यंत्र द्यावे, खोलीत उजेड ठेवावा, ओळखीच्या माणसाने शेजारी बसून बोलावे.

हे सगळे करायचे कोणी? आपल्या घरांत याचे उत्तर न बोलताच ठरलेले असते. सून करील. ती सकाळी डबे करते, मुलांना शाळेत पाठवते, कित्येकदा नोकरीही करते, आणि त्यात सासूबाईंना दिवसातून चार वेळा व्यायाम, सहा वेळा बर्फ आणि रात्री दोनदा उठवणे. ऑपरेशनचा निर्णय मुलगा घेतो, पैसे तो भरतो, रुग्णालयात सर्जनशी इंग्रजीत तो बोलतो, आणि चौथ्या दिवशी कामावर रुजू होतो. ज्या सुनेने पुढचा दीड महिना हे सांभाळायचे, तिला कोणी वॉर्डात उभे राहून काही दाखवलेले नसते. हे मला पटत नाही. निदान दोन माणसांनी शिकावे, त्यांतला एक पुरुष असावा. आई-वडिलांना पलंगावरून उठवायला ताकद लागते आणि ती मुलात जास्त असते. रात्रीची पाळी मुलाने घ्यावी. त्याला काही होत नाही.

रुग्ण स्वतः घरातली बाई असेल तर उलटाच त्रास. पंधराव्या दिवशी ती ओट्याशी उभी असते, कारण तिला दुसऱ्याच्या हातचे पाहवत नाही. चालावे, पण तासभर एका जागी उभे राहू नये. पाय सुजतो आणि संध्याकाळचा व्यायाम बुडतो. पुरुष रुग्ण याच्या नेमका विरुद्ध वागतो. तो वर्तमानपत्र घेऊन पलंगावर बसतो आणि उठतच नाही. हे वर्तमानपत्रही त्यात आले.

बाहेरचे माणूस ठेवायचे असेल तर एक फरक समजून घ्यावा. दिवसाच्या पगारावर येणाऱ्या मावशी अंग पुसतील, कपडे बदलतील, सोबत करतील, आणि त्याची गरज आहेच. पण जखम पाहणे, पोटरी पाहणे, गोळ्यांचा हिशेब ठेवणे आणि गुडघा किती वाकला हे ओळखणे हे शिकलेल्या परिचारिकेचे काम आहे. जीएनएमचे शिक्षण तीन वर्षांचे असते आणि परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. अशी परिचारिका पूर्ण वेळ परवडत नसेल तर पहिल्या पंधरवड्यात दिवसाआड तासभर बोलवावी. आपल्या गावात निवृत्त झालेल्या सिस्टर असतात, त्यांच्या हाताखालून शेकडो रुग्ण गेलेले असतात, आणि त्यांना कोणी विचारत नाही. सांध्याच्या किमतीशी तुलना केली तर हा खर्च फारच थोडा आहे. तरी लोक तिथेच घासाघीस करतात. विमा असेल तर घरच्या परिचारिकेचे पैसे मिळतात का, हे आधी पॉलिसीत वाचून घ्यावे. धरून चालू नये.

आणि रुग्णालयांनी? सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर फाइलला न विसरता चिकटवले जाते. तितक्याच नियमाने घरच्या दोन माणसांकडून वॉर्डातच एकदा रुग्णाला उठवून, बसवून, कमोडवर नेऊन दाखवून घ्यावे आणि मगच घरी जाण्याच्या कागदावर सही करावी. सूचनांचा कागद मराठीत असावा, अक्षर मोठे असावे. यासाठी सरकारी आदेशाची गरज नाही. वॉर्डात एक सिस्टर जास्त लागेल, आणि इथे गाडी अडते, कारण सिस्टरचा पगार पॅकेजमध्ये दिसत नाही. रुग्णांनी तो मागितला तर दिसू लागेल.

संस्कृतात 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे फार उपयोगी पडते. तोवर भेटायला येणारे थांबलेले असतात, दुखणे पूर्ण गेलेले नसते, झोप नीट लागत नाही, आणि रुग्णाला वाटू लागते की उगीच केले. रडणारी माणसे मी पाहिली आहेत, चांगली धट्टीकट्टी शेतकरी माणसे. तेव्हा व्यायामाचा धाक घालू नये. शेजारी बसावे, काय म्हणतात ते ऐकावे, आणि मागच्या आठवड्यात दारापर्यंत जात होते ते आता कोपऱ्यापर्यंत जातात हे त्यांना आकड्यांत दाखवावे. यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची पावले आणि गुडघा किती वाकला ते लिहून ठेवलेले असले तर बरे पडते.

ज्यांच्या घरी ऑपरेशनची तारीख ठरली आहे त्यांनी आधीच एकदा, सर्जनला विचारून, वॉर्डातल्या सिस्टरना भेटून यावे. सुनेला बरोबर न्यावे. एखाद्या ताज्या रुग्णाला त्या कशा उठवतात ते, त्या रुग्णाची हरकत नसेल तर, उभे राहून पाहावे. दुपारी पाळी बदलते तेव्हा कोणाला वेळ नसतो, म्हणून सकाळी अकराच्या सुमारास जावे.